आधी कूलंट, मग डाउनपाइप

प्रश्न : मी 33 वर्षांचा असून कोल्हापूरला राहतो. गेल्या दिवाळीत मी 2018 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली. गाडीचा मी दुसरा मालक, आणि ती 62,000 किलोमीटर चाललेली आहे. आधीच्या मालकाने ‘स्टेज वन’ रिमॅप (शक्ती वाढवण्यासाठी इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) केल्याचे तोंडी सांगितले, कागद काही दिला नाही. आता मी साडेतीन लाख रुपये बाजूला काढले आहेत. डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्टचा पाइप), ओपन एअर इनटेक (डब्याविना उघडा एअर फिल्टर), ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (टर्बोचा जादा दाब सोडणारी झडप), गाडी खाली आणणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग आणि स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावून 19 इंची चाके, असा बेत आहे. सध्याचे टायर 225/45 आर 17 आहेत. गाडीत तसा दोष नाही. कूलंट महिन्याला थोडे खाली जाते, ते मी भरून घेतो, आणि दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना कधीकधी धक्का बसतो. महिन्यातून दोनदा पुणे आणि अधूनमधून आंबोली, एवढाच वापर आहे. वडील म्हणतात, चांगल्या गाडीची वाट लावू नकोस. काय करावे आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर : तुम्ही दिलेल्या पाच भागांच्या यादीपेक्षा तिच्यानंतर जाता जाता लिहिलेले वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटले. कूलंट बंद नळ्यांमधून फिरत असते; ते पेट्रोलसारखे वापरून संपत नाही. दर महिन्याला भरावे लागते, याचा अर्थ ते कुठून तरी बाहेर पडते आहे, आणि ते कुठून पडते हे शोधून काढेपर्यंत या गाडीवर शक्ती वाढवणारा एकही भाग चढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही क्रम विचारला आहे, आणि माझ्या मते तुमची यादी नेमकी उलट्या टोकाने सुरू झाली आहे.

तुमच्या गाडीतले दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन फोक्सवॅगन समूहाच्या ईए 888 मालिकेच्या तिसऱ्या पिढीतले आहे. या पिढीत वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लॅस्टिकच्या घरात बसवलेले आहेत. हे घर इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या) खाली, सहज नजर जाणार नाही अशा जागी असते, आणि पंप बॅलन्स शाफ्टवरून (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यावरून) घेतलेल्या एका लहान दातेरी पट्ट्यावर फिरतो. वर्षानुवर्षे तापून थंड होत राहिल्याने त्या घराचे सील किंवा खुद्द प्लॅस्टिक हार खाते. जगभरातल्या गॅरेजांना हा दोष चांगला माहीत आहे. गळती इतकी बारीक असते की गाडीखाली थेंब दिसेलच असे नाही. गरम धातूवर कूलंट वाळून जाते आणि मागे गुलाबीसर खरवड उरते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून, टॉर्च घेऊन, इनटेकखालच्या फटीत आणि गिअरबॉक्सच्या बाजूला खाली उतरणाऱ्या भागावर अशी खरवड दिसते का, ते पाहा. दिसली नाही तरी गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या. कूलंटच्या टाकीच्या तोंडावर हातपंप जोडून दाब दिला जातो आणि काटा खाली येतो का, हे काही मिनिटे पाहिले जाते. काटा खाली येतो पण बाहेर ओल कुठेच नाही, असे झाले तर मात्र टर्बोकडे जाणाऱ्या कूलंटच्या नळ्या आणि हेड गॅस्केटपर्यंत तपास न्यावा लागेल.

तुम्ही भरता ते नेमके काय, हे पत्रात नाही. ते बोअरचे पाणी असेल किंवा शेजारच्या दुकानातले हिरवे कूलंट असेल, तर दुरुस्तीच्या वेळी सगळे काढून प्रणाली धुऊन घ्या आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रतीचेच कूलंट, ते पातळ करायचे असल्यास डिस्टिल्ड पाण्यातच मिसळून, नव्याने भरा.

आता गिअरबॉक्स. तुमच्या गाडीत सहा गिअरची, तेलात बुडालेल्या क्लचची डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. डीएसजीचे नाव निघाले की लोकांना सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या खोडीच आठवतात. तुमची पेटी त्यातली नाही, ती दमदार आहे. मात्र तिचे तेल आणि फिल्टर दर 60,000 किलोमीटरला बदलावे लागतात. तुमची गाडी 62,000 वर आहे आणि धक्का बसतो आहे, म्हणून पहिला संशय या न झालेल्या कामावर घ्यायला हवा. आधीच्या मालकाच्या सर्व्हिस नोंदींत हे काम लिहिलेले नसेल, तर ते झालेलेच नाही असे धरून चाला. काम करणाऱ्याला एक प्रश्न आवर्जून विचारा : तेलाची पातळी तो कोणत्या तापमानाला ठरवणार आहे? या पेटीत ती तेल 35 ते 45 अंशांदरम्यान असताना, इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर तापमान बघत ठरवायची असते. जो ‘अंदाजाने पाच लिटर ओततो’ असे सांगेल, त्याचे आभार मानून दुसरे गॅरेज गाठा. तेल बदलल्यावर स्कॅनरवरून क्लचची बेसिक सेटिंगही करून घ्या. पुष्कळदा धक्का तिथेच जातो.

तरीही तो गेला नाही, तर संशयाची सुई रिमॅपकडे वळते. मूळ गाडी 230 अश्वशक्ती आणि 350 न्यूटन-मीटरची आहे. ‘स्टेज वन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकही भाग न बदलता 290 ते 300 अश्वशक्ती आणि 400 च्या पुढे टॉर्क मिळतो असे सांगतात, आणि हे इंजिन तेवढे देतेही. मात्र इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून गिअरबॉक्सचे तसेच ठेवले, तर क्लच दाबून धरणारा दाब जुन्याच टॉर्कच्या हिशेबाने दिला जातो आणि भर ॲक्सिलरेटरवर क्लच घसरू लागतो. हे घसरणे आरंभी जाणवतही नाही. ते तेलात क्लचची पूड होऊन साचत जाते.

अडचण अशी की तुमच्या गाडीत कोणाचे सॉफ्टवेअर आहे, किंबहुना आहे की नाही, हेच तुम्हाला ठाऊक नाही. आधीच्या मालकाला फोन करून ट्यूनरचे, म्हणजे सॉफ्टवेअर बदलणाऱ्याचे, नाव विचारा. नीट काम करणारा ट्यूनर प्रत्येक गाडीची मूळ फाइल जपून ठेवतो, त्यामुळे गाडी पुन्हा कारखान्याच्या स्थितीत आणणे हे त्याच्यासाठी तासाभराचे काम असते. नाव मिळाले नाही, तर कोणत्याही जाणत्या ट्यूनरकडून ईसीयू (इंजिनाचा संगणक) वाचून घ्या आणि मोकळ्या, सुरक्षित जागी गाडीचे लॉगिंग करा, म्हणजे चालत्या इंजिनाचे आकडे नोंदवून घ्या. त्यात मला चार गोष्टी पाहाव्याशा वाटतील : मागितलेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट यांतला फरक, प्रत्येक सिलिंडरमध्ये नॉकमुळे (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांमुळे) मागे घेतलेले ठिणगीचे टायमिंग, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि इंधनाच्या रेलमधला दाब. एखाद्या सिलिंडरचे टायमिंग पुन्हा पुन्हा मागे ओढले जात असेल, तर तो मॅप (बदललेले सॉफ्टवेअर) तुम्ही भरता त्या पेट्रोलसाठी लिहिलेलाच नाही. 97 किंवा 100 ऑक्टेन धरून लिहिलेला मॅप आणि टाकीत साधे पेट्रोल, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. इंडियन ऑइलचे 100 ऑक्टेनचे एक्सपी 100 डिसेंबर 2020 पासून विकले जाते आहे, पण ते मोजक्याच पंपांवर मिळते. महामार्गावर मध्यरात्री जे मिळेल ते भरावे लागणाऱ्या माणसाने मॅपही त्याच पेट्रोलला झेपेल असा घ्यावा. माझा सल्ला असा की मॅपची खातरी पटेपर्यंत गाडी मूळ सॉफ्टवेअरवर न्यावी आणि दोन-तीन महिने तशीच चालवावी. 230 अश्वशक्तीची ही गाडी कागलच्या पुढच्या सरळ रस्त्यावरही तुम्हाला कमी वाटणार नाही. त्याच खेपेत स्पार्क प्लग बदलून घ्या, कारण त्यांचीही वेळ भरत आली आहे.

यानंतर खर्चाचा पहिला मान टायर आणि ब्रेकचा. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. तिथे 1218 असे काही वाचायला मिळाले, तर ते टायर 2018 च्या बाराव्या आठवड्यातले, म्हणजे गाडीबरोबरच आलेले आहेत. नक्षी कितीही शिल्लक दिसो, ते बदला. अशा गाडीत ज्या एका खर्चाने चालवण्यातला फरक पहिल्याच वळणावर कळतो, तो उत्तम टायरचा खर्च होय. टायर 225/45 आर 17 याच मापाचे, मूळ टायरइतक्याच किंवा त्याहून वरच्या वेगश्रेणीचे आणि भारश्रेणीचे घ्या.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे नवे तेल किमान 230 अंशांना उकळते, पण ओल शोषलेल्या तेलासाठी त्याच मानकातली किमान मर्यादा 155 अंशांवर येते. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना पुढे ट्रक लागला आणि ब्रेक सतत दाबावा लागला, तर हा फरक पायाला कळतो : पेडल मऊ पडून खोल जाऊ लागते. दर दोन वर्षांनी तेल बदलणे, चांगल्या प्रतीचे पॅड आणि, हवे असल्यास, स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज एवढ्यावर तुमच्या वापराचे भागते. सहा पिस्टनच्या रंगीत कॅलिपरची गरज शर्यतीच्या ट्रॅकवर लागते, घाटात नाही.

आता तुमच्या यादीकडे वळतो, आणि चाकांवर जरा रेंगाळतो, कारण जीव जाण्याचा धोका त्यातच अधिक आहे. 225/45 टायरची बाजूची उंची (225 मिलिमीटर रुंदीच्या 45 टक्के) सुमारे 101 मिलिमीटर भरते. 19 इंची चाकावर 225/35 घातला तर ती 79 उरते. खड्डा आला की धक्का सोसायला रिमच्या आणि रस्त्याच्या मध्ये जे रबर असते, ते बावीस मिलिमीटरने कमी झाले. महामार्गाची रुंदी वाढवण्याची कामे, मध्येच येणारे डायव्हर्जन आणि पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते डोळ्यांसमोर आणा. त्यात बाजारात मिळणारी स्वस्त 19 इंची चाके बहुधा नामांकित डिझाइनच्या ओतीव नकला असतात; ती वाकत नाहीत, तडकतात. मोठी चाके हवीच असतील तर 18 इंचांवर थांबा, टायर 225/40 घ्या, म्हणजे एकूण व्यास जवळपास तोच राहील. चाकाच्या आतल्या अंगावर भारक्षमतेचा आकडा कोरलेला असतो. त्याची दुप्पट गाडीच्या पाटीवर दिलेल्या त्या आसाच्या कमाल भारापेक्षा जास्त भरली पाहिजे. आकडा कोरलेलाच नसेल, तर ते चाक घेऊ नका.

स्पेसरबाबत मला धास्ती वाटते ती तुम्ही कोल्हापूरचे आहात म्हणून. शिवाजी उद्यमनगरातला किंवा शिरोलीतला कुशल टर्नर तुम्हाला दुपारपर्यंत ॲल्युमिनियमचा असा स्पेसर काढून देईल की मापात केसाचाही फरक सापडणार नाही, आणि पैसेही किरकोळ घेईल. प्रश्न त्याच्या हाताचा नाहीच. तो धातू कोणत्या मिश्रणाचा आहे, त्यावर उष्णतेची प्रक्रिया झाली आहे का आणि वळणातला बाजूचा भार त्याने हजारो वेळा सोसल्याची चाचणी कोणी घेतली आहे, हे त्या लेथवर कळत नाही. शिवाय तुमच्या गाडीचे चाक 57.1 मिलिमीटरच्या हबवर, म्हणजे मधल्या गोल उंचवट्यावर, नेमके बसते आणि भार त्या हबवर टेकतो. स्पेसरला बाहेरच्या बाजूने तसाच उंचवटा नसेल, तर चाक केंद्रावर बसत नाही आणि सगळा ताण पाच बोल्टांवर येतो. बोल्टही मूळ बोल्टांपेक्षा स्पेसरच्या जाडीइतके जास्त लांब घ्यावे लागतात, नाहीतर हबमध्ये पुरेसे आटे शिरत नाहीत.

बोल्टची आणखी एक गोम आहे आणि तिथे चांगले चांगले मेकॅनिक फसतात. कंपनीच्या चाकांना बसणाऱ्या बोल्टचे डोके जिथे टेकते, तो भाग गोलाकार असतो. बाहेरची बहुतेक चाके शंकूच्या आकाराची बैठक मागतात. दोन्हींचे आटे सारखेच, एम 14 बाय 1.5, त्यामुळे चुकीचा बोल्टही मुकाट्याने आत जातो, घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो तो एका बारीक कडेवर, आणि थोड्या किलोमीटरांनी सैल होतो. नवे चाक लावताना बोल्ट आणि चाकाची बैठक हातात घेऊन बोटाने चाचपून पाहा. बोल्ट इम्पॅक्ट गनने न आवळता टॉर्क रेंचने 120 न्यूटन-मीटरला आवळायचे आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. हे सगळे वाचून स्पेसरचा विचारच सोडून दिलात, तर मला आनंदच होईल. चाक फेंडरच्या रेषेत आल्याने फोटो चांगला येतो, पण स्टिअरिंगची जाण आणि बेअरिंगचे आयुष्य या दोहोंत घटच होते.

लोअरिंग स्प्रिंगला माझा सरसकट विरोध नाही. मात्र 62,000 किलोमीटर चाललेल्या शॉकॲब्सॉर्बरवर आखूड, कडक स्प्रिंग चढवणे म्हणजे थकल्या बैलांवर उसाची जादा मोळी टाकणे आहे. करायचे तर शॉकॲब्सॉर्बर, बंप स्टॉप आणि टॉप माउंट यांसह एकत्र करा, लगेच अलाइनमेंट करून घ्या, आणि तुमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर आधी टेपने मोजा. फक्त नवे, चांगल्या प्रतीचे शॉकॲब्सॉर्बर मूळ उंचीवर लावलेत, तरी वळणातला फरक पाहून तुम्ही कदाचित स्प्रिंगचा विषय पुन्हा काढणार नाही.

ओपन इनटेक नको. तो बहुतेक वेळा इंजिनाशेजारची तापलेली हवाच ओढतो, आणि उसाच्या हंगामात आपल्या भागात उडणारी धूळ गाळण्यात कागदी फिल्टरची बरोबरी त्याला सहसा साधत नाही. टर्बोच्या पात्यांना ती धूळ परवडत नाही. मूळ डब्यातला फिल्टर वेळेआधी बदलत राहा. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही : कंपनीने बसवलेला विजेवर चालणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह हेच काम आवाज न करता करतो.

राहिला डाउनपाइप. बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य डाउनपाइपमध्ये धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक तर नसतोच किंवा नावापुरता असतो. मागचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. मग तो दिवा सॉफ्टवेअरमधून विझवला जातो आणि उद्या खरा बिघाड झाला तरी तो लागत नाही. शिवाय तुमची गाडी बीएस 4 या प्रदूषण मानकाची आहे आणि ती तशी राहणे ही मालकाची जबाबदारी आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात ही भूमिका ठामपणे मांडली आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182ए मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्त्यावर पोलीस बहुतेकदा फटफटणाऱ्या सायलेन्सरवरच कारवाई करताना दिसतात, म्हणून बाकीचे चालते असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. डाउनपाइप माझ्या मते यादीतून काढूनच टाका.

कायद्यापेक्षाही तुम्हाला जवळचा आहे तो विमा. रिमॅप, चाकांचे माप आणि सस्पेन्शनमधले बदल विमा कंपनीला लेखी कळवा आणि तिचे उत्तरही लेखीच घ्या. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस पडला, की दाव्याची रक्कम अडण्याची शक्यता असते, आणि त्या वेळी आधीच्या मालकाने केले होते हे सांगून काही उपयोग होत नाही. गाडी तुमच्या नावावर आहे. गाडी मूळ सॉफ्टवेअरवर नेण्याचे माझ्या दृष्टीने हेही एक मोठे कारण आहे.

तुमच्या वडिलांचे म्हणणे पूर्ण खरे नाही आणि पूर्ण खोटेही नाही. वाट लागते ती बदल केल्याने नव्हे, तर आधीची दुखणी तशीच ठेवून त्यांवर बदल रचल्याने. साडेतीन लाखांतून कूलंटची गळती, डीएसजीचे तेल, प्लग, चार टायर, ब्रेक आणि शॉकॲब्सॉर्बर एवढी कामे होऊन वर काही उरेल अशी माझी अपेक्षा आहे. उरलेले लगेच खर्चू नका. वेगाचीच हौस असेल, तर कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या एखाद्या ट्रॅक डेसाठी ते ठेवा. तिथे प्रशिक्षकाला शेजारी बसवून घालवलेला दिवस तुम्हाला कोणत्याही पाइपपेक्षा अधिक वेगवान करील, आणि गाडीत खरोखर काय कमी आहे तेही तिथेच कळेल.

काढलेला प्रत्येक मूळ भाग मात्र खोक्यात घालून, वर तारीख आणि किलोमीटर लिहून जपून ठेवा. ही गाडी आपल्याकडे मोजक्याच संख्येने विकली गेली. पुढे विकताना जाणकार गिऱ्हाईक आधी मूळ भाग आणि बिले मागेल, आणि गाडीची चावी मागाहून. या आठवड्यापुरते एवढेच करा : गळती सापडेपर्यंत पुण्याची खेप टाळा. ती टाळता येत नसेल, तर निघण्याआधी इंजिन थंड असताना टाकीतली पातळी पाहा, परतताना खंबाटकीच्या चढणीवर तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा आणि तो वर चढू लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम टाकीचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नका.